जगातील थोर निबंधकार आणि आपली निबंधाची वही

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कविता, कथा, नाटक ह्यांच्यावर व्याख्याने पुष्कळ होतात. निबंधावर कोणी बोलत नाही, कारण निबंध ही परीक्षेत लिहायची आणि निकाल लागला की विसरायची गोष्ट आहे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. मी शाळेत मराठी शिकवतो. वर्षाकाठी शेकडो निबंध माझ्या हाताखालून जातात. म्हणूनच जगातील काही थोर निबंधकारांचा परिचय आपणांस करून द्यावा आणि त्या निमित्ताने आपल्या मुलांच्या निबंधाच्या वहीकडे एकवार पाहावे, असा माझा हेतू आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'निबंध' ह्या शब्दात बांधणे आहे. नीट बांधलेली रचना ती निबंध. इंग्रजीतला 'एसे' हा शब्द फ्रेंच भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ 'प्रयत्न' किंवा 'पारख' असा आहे. एकात बांधणी आहे, दुसऱ्यात शोध आहे. चांगल्या निबंधाला ही दोन्ही अंगे लागतात. आपल्या शाळांतून बांधणी तेवढी शिल्लक राहिली आणि शोध मात्र हरवला, हे माझे आजचे मुख्य सांगणे आहे.

एक उदाहरण देतो. एका वर्गाला 'माझे वडील' हा विषय दिला होता. वह्या आल्या. बहुतेक वह्यांतील वडील रोज सकाळी कचेरीत जात होते, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेत होते आणि रविवारी त्यांना बागेत नेत होते. वाक्ये मार्गदर्शकातली होती, हे उघडच आहे. त्या वर्गातील कित्येक मुलांचे वडील आखातात नोकरीला होते. दोन वर्षांनी एकदा घरी येणारे ते अब्बा एकाही वहीत नव्हते. मी एका मुलाला जवळ बोलावून विचारले, तेव्हा तो पाच मिनिटे न थांबता बोलला. अब्बा फोनवर आधी कोणाची चौकशी करतात, ते घरी आले तेव्हा धाकटी बहीण त्यांना ओळखेना आणि आजीच्या पदराआड कशी लपली, हे सारे त्याने सांगितले. निबंध त्याच्याजवळ तयार होता. पण ते 'निबंधात' लिहायचे असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

आता चारशे-साडेचारशे वर्षे मागे जाऊ. फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळ मिशेल द माँतेन्य नावाचा एक जमीनदार राहत होता. जन्म १५३३, मृत्यू १५९२. तो बोर्दोच्या न्यायालयात न्यायाधीश होता. १५७१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याने कामकाजातून अंग काढून घेतले आणि आपल्या वाड्याच्या बुरुजात ग्रंथालय थाटले. छताच्या तुळयांवर त्याने ग्रीक व लॅटिन वचने लिहून घेतली होती. तेथे बसून तो लिहू लागला आणि त्या लेखनाला त्याने 'एसे' म्हणजे 'प्रयत्न' असे साधे नाव दिले. पहिले दोन भाग १५८० साली आणि तिसरा १५८८ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही भाग मिळून १०७ निबंध आहेत. ह्या वाङ्मयप्रकाराला नाव मिळाले ते येथे.

तो काळ कसा होता? फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट ह्यांच्यात १५६२ पासून यादवी युद्धे चालू होती. १५७२ साली पॅरिसमध्ये हजारो प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली. जो तो आपल्याला सत्य गवसले असे ठामपणे सांगत होता आणि त्या ठामपणापायी शेजाऱ्याचा गळा कापत होता. अशा वेळी माँतेन्यने एक पदक पाडून घेतले. त्यावर तराजू होता, आणि आपल्याला खरोखर किती ठाऊक आहे, असा प्रश्न तो स्वतःलाच विचारत होता. त्याच्या निबंधांचे मूळ ह्या प्रश्नात आहे. भीती, मैत्री, म्हातारपण, स्वतःचा मुतखडा, खोटे बोलणे, जेवणाच्या सवयी अशा कोणत्याही विषयावर तो लिहितो. मध्येच मत बदलतो आणि बदलले म्हणून सांगतो.

ब्राझीलच्या आदिवासींवरचा त्याचा निबंध प्रसिद्ध आहे. १५६२ साली रुआँ शहरी आणलेले काही आदिवासी त्याने पाहिले होते. फ्रान्समध्ये काय नवल वाटले, असे त्यांना विचारण्यात आले. मोठमोठे दाढीवाले सशस्त्र पुरुष एका पोरवयाच्या राजापुढे का वाकतात, आणि काही माणसे तुडुंब खात असताना दारात उपाशी उभे असलेले लोक हे सहन कसे करतात, असे त्यांचे म्हणणे पडले. माँतेन्यने हे लिहून ठेवले. ज्यांना सारा युरोप रानटी म्हणत होता, त्यांच्या डोळ्यांनी त्याने आपल्या समाजाकडे पाहिले. मुलांच्या शिक्षणावरही त्याचा एक निबंध आहे. गुरूने पाठ केलेले शब्द विचारू नयेत, त्यांचा अर्थ विचारावा, असे त्याचे सांगणे आहे. मधमाशी अनेक फुलांवरून रस आणते, पण मध तिचा स्वतःचा होतो, तसे विद्यार्थ्याचे व्हावे, अशी त्याची अपेक्षा आहे. आजही शिक्षक प्रशिक्षणाच्या वर्गात हेच सांगितले जाते.

नाव फ्रान्सने दिले म्हणून हे लेखन तेथेच जन्मले, असे मात्र समजू नये. नवव्या शतकात इराकमधील बसरा शहरी अल्-जाहिझ नावाचा थोर अरबी गद्यलेखक होऊन गेला. गरीब घरचा हा मुलगा पुस्तकविक्रेत्यांची दुकाने रात्रीपुरती भाड्याने घेई आणि रात्रभर वाचत बसे, असे जुने ग्रंथकार सांगतात. प्राण्यांवर त्याने मोठा ग्रंथ लिहिला आणि कंजूष लोकांवर एक खुसखुशीत पुस्तक लिहिले. विषय गंभीर असो वा हलका, मधूनच आडवळण घेऊन वाचकाला ताजे करायचे, ही त्याची रीत होती. जपानच्या राजदरबारातील सेई शोनागोन ह्या स्त्रीने इ. स. १००० च्या सुमारास आपल्या वहीत आवडत्या गोष्टी, चीड आणणाऱ्या गोष्टी, सकाळ-संध्याकाळची रूपे ह्यांची टिपणे केली. ती टिपणे जपानी लोक आजही वाचतात. आपल्या डोळ्यांनी पाहावे आणि आपल्या शब्दांत सांगावे, ही ओढ कोणा एका देशाची नाही.

इंग्लंडमध्ये फ्रान्सिस बेकन ह्याने १५९७ साली दहा निबंधांचे छोटे पुस्तक काढले आणि ते वाढवीत १६२५ साली अठ्ठावन्न निबंधांपर्यंत नेले. बेकनची शैली सूत्रमय, प्रत्येक वाक्य घासून-पुसून ठेवलेले. आपल्याकडे सुविचारांच्या फळ्यावर त्याची वाक्ये दिसतात ती ह्यामुळेच. परंतु निबंध घराघरांत नेला तो जोसेफ ॲडिसन आणि रिचर्ड स्टील ह्या दोन मित्रांनी. स्टीलने १७०९ साली 'टॅटलर' आणि पुढे दोघांनी मिळून १७११ साली 'स्पेक्टेटर' हे पत्र सुरू केले. 'स्पेक्टेटर' रविवार वगळता रोज निघे आणि प्रत्येक अंकात एक निबंध असे. १७१२ च्या डिसेंबरपर्यंत त्याचे ५५५ अंक निघाले. रोज तीन हजार प्रती खपतात आणि एकेक प्रत वीस माणसे वाचतात, असा ॲडिसनने स्वतःच अंदाज मांडला होता. शहाणपण पंडितांच्या कोठडीतून बाहेर काढून कॉफीगृहांत आणि चहाच्या मेजावर आणायचे, हा त्याचा निश्चय होता.

ह्या 'स्पेक्टेटर'चा आपल्या देशाशी जवळचा संबंध आहे. सर सय्यद अहमद खान १८६९ साली मुंबई बंदरातून जहाजाने इंग्लंडला गेले. वय पन्नाशीच्या पुढे. तेथील शिक्षणसंस्था त्यांनी पाहिल्या, तसेच ॲडिसन आणि स्टील ह्यांनी नियतकालिकांतून आपल्या समाजाच्या चालीरीती कशा सुधारल्या ह्याचाही विचार केला. १८७० साली परत येताच त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी 'तहजीब-उल-अखलाक' हे उर्दू नियतकालिक सुरू केले. ध्यानात घ्या, अलीगढची शाळा १८७५ साली निघाली आणि कॉलेज १८७७ साली. निबंध आधी, कॉलेज नंतर. लोकांची मने तयार झाल्याखेरीज विटा-चुन्याची इमारत उभी राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

त्या काळचे उर्दू गद्य अलंकारांनी आणि यमकांनी जडावलेले होते. सर सय्यद ह्यांनी ते साधे केले. मनातले सरळ वाचकाच्या मनात जावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. वादविवादाच्या सभ्यतेवर त्यांचा एक छोटा निबंध आहे. त्याची सुरुवात दोन कुत्र्यांनी होते. ते समोरासमोर येतात, आधी डोळे वटारतात, मग गुरगुरतात, मग दात दाखवतात आणि शेवटी एकमेकांवर तुटून पडतात. असंस्कृत माणसांचा वादही ह्याच पायऱ्यांनी चढत जातो, असे ते दाखवतात. दुसऱ्या एका निबंधात वर्षाच्या शेवटच्या रात्री एक वृद्ध आपले वाया गेलेले आयुष्य आठवून रडत असतो. शेवटी कळते, की तो वृद्ध नसून स्वप्न पाहणारा एक मुलगा आहे. मुलगा जागा होतो आणि आपल्या हातात अजून वेळ आहे, हे त्याला उमजते. ह्या लेखनापायी सर सय्यद ह्यांच्यावर कठोर टीका झाली आणि त्यांच्याविरुद्ध फतवेही निघाले. तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही.

आता आपल्या मराठीकडे येऊ. मराठी निबंध म्हटला की विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे नाव पुढे येते, आणि ते योग्यच आहे. १८७४ साली त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि तिचे ८४ अंक काढले. ते शाळामास्तर होते. १८७९ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८२ साली, वयाची बत्तीस वर्षे पुरी होण्याआधीच, ते वारले. एवढ्या अल्प आयुष्यात मराठी गद्याला त्यांनी जी धार आणि जो डौल दिला, तो विसरता येणार नाही. मात्र ह्याच लेखणीने जोतीराव फुल्यांच्या ग्रंथांची कठोर टवाळी केली, हेही सांगितले पाहिजे.

कारण निबंधमालेच्या एकोणीस वर्षे आधी, १८५५ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या एका मुलीचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात दोन भागांत छापून आला होता. तिचे नाव मुक्ता साळवे. मांग समाजातील ही मुलगी अवघी चौदा वर्षांची होती आणि तिचे शिक्षण तीन वर्षांचे झाले होते. मांग-महारांच्या दुःखाविषयी हा त्या निबंधाचा विषय. आपल्या लोकांना जमिनीवरून कसे हाकलले, पेशवाईत त्यांच्यावर काय गुदरले, बाळंत होणाऱ्या स्त्रियांना डोक्यावर छप्पर नसल्यामुळे पावसात आणि थंडीत काय सोसावे लागते, हे ती लिहिते. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचीही मनाई, त्यांचा धर्म कोणता, असा सवाल ती करते. शेवटी आपल्या लोकांना सांगते की ह्या दुखण्यावर ज्ञान हेच औषध आहे.

वाचकहो, विचार करा. ह्या मुलीला कोणते मार्गदर्शक उपलब्ध होते? कोणत्या नमुना उत्तरात तिला ही वाक्ये मिळाली असती? तिच्या आधी तिच्या समाजातील कोणा मुलीने असे लिहिलेलेच नव्हते. तिच्याजवळ डोळे होते, तीन वर्षांची अक्षरओळख होती आणि तू पाहतेस ते लिही असे सांगणारे शिक्षक होते. मला वाटते, शाळेतील निबंध कशासाठी असतो ह्याचे उत्तर ह्याहून स्पष्ट मिळायचे नाही.

सर सय्यद ह्यांचा भर मुलांच्या शिक्षणावर होता. मुलींची बाजू मांडायला बंगालमधून एक लेखणी पुढे आली. रोकेया सखावत हुसेन ह्यांचा जन्म १८८० साली रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद गावी झाला. घराणे जमीनदारांचे आणि कडक पडद्याचे. अशा घरांत बंगाली भाषेला कमी लेखले जाई आणि मुलींना इंग्रजी तर वर्ज्यच होती. वडील भावाने रात्री सारे घर झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात ह्या बहिणीला शिकवले. त्यांच्या निबंधांचा 'मोतीचूर' हा संग्रह १९०४ साली निघाला. त्यातील 'अर्धांगी' ह्या निबंधात त्या एका शिकलेल्या जोडप्याचे चित्र काढतात. नवरा सूर्य आणि तारे पृथ्वीपासून किती दूर आहेत ते मोजतो आहे आणि बायको उशीच्या अभ्र्याची लांबी-रुंदी मोजते आहे. एक चाक मोठे आणि एक लहान असेल तर ती गाडी पुढे जाणार नाही, जागच्या जागी फिरत राहील, हे त्या पटवून देतात. रागाचा एकही शब्द नाही, पण वाचणाऱ्या पुरुषाला मान खाली घालावी लागते.

१९०९ साली पतीच्या निधनानंतर त्यांनी भागलपूरला पाच मुलींची शाळा काढली. तेथे टिकू न शकल्यामुळे १९११ साली कलकत्त्यात आठ मुलींनिशी ती पुन्हा सुरू केली. मुली मिळवण्यासाठी त्या घरोघर जाऊन पालकांची मनधरणी करीत. ९ डिसेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा स्त्रियांच्या हक्कांवरचा एक निबंध त्यांच्या मेजावर अपुरा पडलेला होता. शिक्षणसंस्था चालवणाऱ्यांनी आणि त्यांत शिकवणाऱ्यांनी हे नाव विसरू नये.

काहींना वाटेल, ही सारी समाजसुधारक मंडळी. साध्या नोकरदार माणसाने कशावर निबंध लिहावा? त्यांनी चार्ल्स लॅम्बकडे पाहावे. १७९२ पासून १८२५ पर्यंत तेहेतीस वर्षे हा माणूस लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत हिशेबनीस होता. १७९६ साली त्याच्या बहिणीने, मेरीने, वेडाच्या भरात आईचा जीव घेतला. लॅम्बने बहिणीला जन्मभर वेड्यांच्या इस्पितळात ठेवू दिले नाही. तिची जबाबदारी स्वतःवर घेतली, लग्न केले नाही आणि शेवटपर्यंत तिला सांभाळले. 'एलिया' ह्या टोपणनावाने त्याने १८२० पासून जे निबंध लिहिले, त्यांत जुनी चिनी भांडी आहेत, भाजलेले डुक्कर आहे, सेवानिवृत्त कारकुनाची बावरलेली अवस्था आहे. एका निबंधात तो आपल्या मुलांना गोष्ट सांगत बसला आहे, आणि शेवटी ती मुले विरत विरत नाहीशी होतात, कारण ती कधी जन्मलेलीच नव्हती. दुःखाचे प्रदर्शन नाही, पण दुःख ओळीओळीत आहे. आपल्याकडे ना. सी. फडके, अनंत काणेकर ह्यांनी जो खेळकर लघुनिबंध रुजवला, त्याच्या इंग्रजी पूर्वजांत लॅम्बचा मान मोठा आहे.

दुसरा नोकरदार जॉर्ज ऑर्वेल. खरे नाव एरिक ब्लेअर. जन्म १९०३ साली आपल्या बिहारमधील मोतिहारी येथे. १९२२ पासून पाच वर्षे तो ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. १९३१ सालच्या एका निबंधात तो फाशीच्या शिक्षेचे वर्णन करतो. कैदी फाशीच्या तख्ताकडे चालला आहे. वाटेत पाण्याचे डबके येते आणि तो पाय भिजू नये म्हणून किंचित बाजूला होतो. एका धडधाकट माणसाचा जीव घेणे म्हणजे काय, हे आपल्याला त्या क्षणी कळले, असे ऑर्वेल लिहितो. १९३६ सालच्या दुसऱ्या निबंधात त्याने हत्ती मारल्याची हकीकत आहे. पिसाळलेला हत्ती आता शांत झालेला असतो, मारण्याची गरज नसते. पण मागे जमलेली गर्दी आपल्याला हसेल ह्या भीतीने गोरा साहेब गोळी झाडतो. राज्य करणारा स्वतःच कसा गुलाम होतो, हे त्याने साम्राज्यावर व्याख्यान न झोडता एका हत्तीच्या गोष्टीतून सांगितले.

शेवटचा निबंधकार आपल्या महाराष्ट्राच्या मातीत बसून लिहून गेला. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत मौलाना अबुल कलाम आझाद ह्यांना इतर नेत्यांबरोबर अटक झाली आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. पंडित नेहरूंनी आपला 'भारताचा शोध' ह्याच किल्ल्यात लिहिला. मौलाना आपले स्नेही हबीबुर रहमान खान शेरवानी ह्यांना पत्रे लिहीत, आणि ती टाकता येणार नाहीत हे ठाऊक असूनही लिहीत. पुढे १९४६ साली ती 'गुबार-ए-खातिर' ह्या नावाने प्रसिद्ध झाली. नावाला ती पत्रे, एरवी ते उत्तम निबंधच आहेत. पहाटे उठून स्वतः चहा करण्याचा सोहळा, दूध-साखर घातलेल्या आपल्या चहाची केलेली थट्टा, खोलीच्या छतात घरटी करणाऱ्या चिमण्या. आधी त्यांनी चिमण्यांना हुसकावण्याचा प्रयत्न केला. मग हार मानून दाणे टाकू लागले, आणि त्या भीत भीत जवळ येत शेवटी हातापर्यंत कशा आल्या, ते त्यांनी रंगवून सांगितले आहे.

आणि त्याच पुस्तकात एप्रिल १९४३ चे एक पत्र आहे. कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम आजारी होत्या आणि ते तुरुंगात असतानाच त्या गेल्या. भेटीसाठी सरकारकडे याचना करायची नाही, असे मौलानांनी ठरवले होते. त्या दिवसांत आपण नित्याचा क्रम जराही मोडला नाही, हे ते लिहितात, आणि ती वरवरची शांतता हे एक सोंग होते, हेही लगेच कबूल करतात. एवढा मोठा नेता, पुढे स्वतंत्र भारताचा पहिला शिक्षणमंत्री झालेला माणूस, कागदासमोर बसला की स्वतःशी खोटे बोलत नाही. माँतेन्यच्या बुरुजापासून नगरच्या किल्ल्यापर्यंतचा धागा हा आहे.

मंडळी, ह्या साऱ्यांत जमीनदार आहे, कारकून आहे, पोलीस अधिकारी आहे, मौलाना आहे, पडद्यातील विधवा आहे आणि चौदा वर्षांची शाळकरी मुलगी आहे. भाषा, देश, धर्म वेगळे. सारखी गोष्ट एकच, की ह्यांच्या निबंधांखाली दुसऱ्या कोणाचे नाव घालता येत नाही. आपल्या मुलांच्या वह्यांची स्थिती नेमकी उलट आहे. वर्गातील कोणाचेही नाव कोणत्याही निबंधाखाली खपून जाते. पूर्वी मार्गदर्शक होते. आता तर मोबाईलमध्ये विषय सांगितला की क्षणात शुद्ध, सुबक निबंध तयार मिळतो. तो निर्दोष असेल. पण धाकट्या बहिणीने अब्बांना ओळखले नाही, हे त्या यंत्राला ठाऊक नसते. ते लिहायला तो मुलगाच हवा.

कोणी म्हणेल, गुरुजी, गुणांचे काय? प्रश्न रास्त आहे. आपली मुले सामान्य परिस्थितीतून येतात, त्यांना गुणांची गरज आहे, आणि कित्येकांच्या घरी मराठी बोलली जात नाही. म्हणून शुद्धलेखन, परिच्छेद, म्हणी, वाक्प्रचार हे सारे शिकवलेच पाहिजे. बांधणी सोडा, असे मी म्हणत नाही. सर सय्यद ह्यांची भाषा साधी होती, पण ढिसाळ नव्हती. परंतु पाठ केलेल्या निबंधाने परीक्षा पार पडली तरी पुढे नोकरीचा अर्ज, तक्रारीचे निवेदन, सभेतील चार शब्द ह्यांसाठी मार्गदर्शक मिळत नाही. तेथे ज्याला स्वतःचे म्हणणे मांडता येत नाही, त्याच्या वतीने दुसरेच कोणीतरी बोलू लागते. मागासलेल्या समाजाचे ह्याहून मोठे नुकसान नाही.

तेव्हा तीन लहानशा सूचना करतो. शिक्षकांनी महिन्यातून एक तरी विषय असा द्यावा की ज्याचे उत्तर बाजारात मिळणार नाही : आमची गल्ली पावसाळ्यात, आमच्या घरातील सर्वांत जुनी वस्तू, मला न पटलेली एक गोष्ट. तो तपासताना आधी मजकुरावर दोन ओळींचा अभिप्राय लिहावा आणि मग लाल शाईने चुका दाखवाव्यात, कारण पहिल्याच ओळीपासून लाल रेघा दिसल्या की मूल पुन्हा मनातले लिहीत नाही. पालकांनी मुलांचा निबंध घरी वाचून घ्यावा. स्वतःला वाचता येत नसेल तर मुलाकडून ऐकावा आणि ह्यात तुझे काय आहे, एवढेच विचारावे. आणि संस्थेने हस्तलिखिताची जुनी प्रथा पुन्हा सुरू करून निवडक निबंध ह्याच स्मरणिकेत छापावेत. मराठी, उर्दू, इंग्रजी, ज्या भाषेत मुलाचे मन उघडेल त्या भाषेत.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला एवढेच सांगतो. आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही, असे समजू नका. मुक्ता साळवेकडे तीन वर्षांचे शिक्षण होते. तुमच्याजवळ त्याहून पुष्कळ अधिक आहे. पुढच्या वेळी वही उघडाल तेव्हा पहिले वाक्य तरी स्वतःचे लिहा. अडखळलात तरी चालेल. त्या शब्दाचा मूळ अर्थच 'प्रयत्न' असा आहे.